पैशांचीही बेगमी हवी: घरखर्चातली गळती कुठे असते आणि ती कशी थांबवावी?

मुळशी तालुक्यात मे महिना म्हणजे बेगमीचा महिना. लाकूडफाटा पडवीत रचला जातो, वर्षाचा मसाला कुटून होतो, कांदा-लसूण, सुकी मासळी, डाळी, पापड डब्यांत भरून ठेवले जातात. कारण सगळ्यांना ठाऊक असतं, एकदा ताम्हिणीकडून पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. ही पद्धत आपल्याकडे सगळ्याच घरांत आहे, मग घर मराठ्यांचं असो, धनगरांचं असो की मुसलमानांचं.

धान्याची बेगमी आपण करतो, पैशांची मात्र राहून जाते. आणि जून महिना नेमका तिथेच पकडतो. 15 जूनच्या आसपास शाळा सुरू होतात. वह्या, दप्तर, रेनकोट, गाडीभाडं, सगळं एकाच आठवड्यात येतं. छतावर प्लास्टिकचा कागद टाकायचा असतो. लहान मुलांना ताप-खोकला सुरू होतो. आणि खर्च वाढतो त्याच महिन्यात कमाई घटते. बांधकामं थंडावतात, गवंडी, रंगारी, वेल्डर घरी बसतात, फळांच्या हातगाडीला गिऱ्हाईक नसतं. रोजावर जगणाऱ्या घरात पाच-सात हजारांचा खड्डा पडतो.

हा खड्डा बहुतेक घरं कर्जाने भरतात. ओळखीचा सावकार महिन्याला शेकडा पाचने देतो. ऐकायला पाच टक्के कमी वाटतात. पण 10,000 रुपयांवर दर महिन्याला 500 रुपये, म्हणजे वर्षाला 6,000 रुपये फक्त व्याज. मूळ दहा हजार जिथल्या तिथे. बायकांचे गट करून आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या कंपन्याही गावोगावी फिरतात. एक हप्ता चुकला की गटातल्या इतर बायका दारात येतात आणि शेजारधर्म तुटतो. त्यात आपल्यासाठी आणखी एक मोठी गोष्ट आहे. सूद घेणं जसं हराम आहे तसं देणंही. मजबुरी म्हणून आपण डोळे मिटतो, पण त्यातली बरबादी काही मिटत नाही.

म्हणून घरखर्चातल्या बचतीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवं. बचत म्हणजे श्रीमंत होण्याचा मार्ग नव्हे. गरीब आणि मध्यमवर्गीय घरासाठी ती व्याजापासून वाचण्याची ढाल आहे. आणि त्यासाठी लागणारी रक्कम बहुतेक घरांत आधीपासूनच असते, फक्त ती थेंबाथेंबाने गळत असते.

बचत आणि कंजुषी एक नव्हे

काही लोकांना बचतीचं नाव काढलं की कंजुषी आठवते. आपल्या दीनमध्ये या दोन्हींमधली रेघ स्पष्ट आहे. कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानाचे भाऊ म्हटलं आहे. आणि सूरह फुरकानमध्ये अल्लाहच्या नेक बंद्यांची ओळख सांगताना त्यांचा खर्च उधळपट्टी आणि कंजुषी यांच्या मधला असतो, असं सांगितलं आहे. पाहुण्याला चहा न देणं, मुलाच्या दुधात पाणी घालणं, आजारी माणसाला दवाखान्यात न नेणं ही बचत नाही. ज्या खर्चाचा घरातल्या कुणालाच फायदा होत नाही तो खर्च बंद करणं, ही बचत. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कुणाला वारा देतो?

सुरुवात वहीपासून

पहिलं काम एक पैसाही न वाचवता करायचं आहे. शंभर पानी वही घ्या आणि एक महिनाभर घरातला प्रत्येक खर्च त्यात लिहा. दहा रुपयांचा वडापावसुद्धा. लिहायचं काम पाचवी-सहावीतल्या मुलाला किंवा मुलीला द्या. बेरीज-वजाबाकीचा सराव होईल आणि घरात पैसा कसा येतो-जातो हेही त्याला कळेल. अब्बांनी आणलेल्या पगारातून किती उरतं हे ज्या मुलाने स्वतः मोजलं, तो दुकानात हट्ट करताना जरा थांबतो.

महिनाअखेरीस तीन रंगांनी खुणा करा: गरजेचं, कमी करता येईल असं, आणि नसतं केलं तरी चाललं असतं असं. पुढचे सगळे मुद्दे तुमच्या वहीशी ताडून पाहा. प्रत्येक घराची गळती वेगळ्या ठिकाणी असते.

लाईट बिल: शंभराचा आकडा लक्षात ठेवा

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी लागतं. महिन्याला पहिली 100 युनिटं एका दराने, 101 ते 300 दुसऱ्या दराने, त्यापुढे 500 पर्यंत आणि 500 च्या वर आणखी चढे दर. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे. यातून एक सोपी गोष्ट निघते. तुमच्या घरात 130 युनिटं लागत असतील, तर वरची 30 युनिटं सगळ्यात महाग आहेत. तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी या महागड्या टोकाचं असतं. सोयीसाठी ते 11 रुपयांचं धरू.

एक युनिट म्हणजे काय? हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. आता घरातल्या वस्तू मोजा. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅटचा असतो. रोज बारा तास चालला तर महिन्याला 27 युनिटं होतात. नवे बीएलडीसी पंखे 28 ते 35 वॅटवर चालतात, म्हणजे महिन्याला दहा-बारा युनिटं. फरक पंधरा-सोळा युनिटांचा, म्हणजे पंख्यामागे महिन्याला 170 रुपयांच्या आसपास. पण हा पंखा अडीच-तीन हजारांना येतो, त्यामुळे चांगला चालणारा पंखा काढून टाकू नका. जुना जळाला की पुन्हा वायंडिंग करत बसण्यापेक्षा नवा बीएलडीसी घ्या. दीड-दोन वर्षांत पैसे फिटतात.

काही गोष्टींना मात्र पैसा लागत नाही. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. अंघोळीआधी दहा मिनिटं लावा आणि सगळ्यांनी एकापाठोपाठ अंघोळ करा. इस्त्री हजार वॅटची असते. रोज एक शर्ट करण्यापेक्षा रविवारी आठवड्याचे कपडे एकदम करा, कारण इस्त्री प्रत्येक वेळी तापायलाच जास्त वीज खाते. टीव्ही रिमोटने नव्हे, बटणाने बंद करा. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, त्याची मागची बाजू गरम राहिली की मोटर जास्त चालते. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब अजून मोरीत किंवा पडवीत लटकत असेल, तर तेवढाच उजेड 9 वॅटचा एलईडी देतो.

एवढं केलं तर मध्यम घरात महिन्याला 20 युनिटं सहज वाचतात. म्हणजे 220 रुपये.

गॅस: झाकण, भिजवणं आणि एक दस्तरखान

14.2 किलोचा सिलेंडर आठशेच्या पुढे गेला आहे. तो किती दिवस पुरतो हे कॅलेंडरवर लिहायची सवय लावा. आकडा समोर असला की फरक दिसतो.

हरभरे, वाटाणे, राजमा रात्री भिजवा. तूरडाळ अर्धा तास भिजवली तरी शिट्ट्या कमी लागतात. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. शिट्ट्यांवर शिट्ट्या होणं म्हणजे वाफ बाहेर जाणं, त्याने डाळ लवकर शिजत नाही. पातेल्यावर झाकण ठेवा. ज्वाला भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती हवा तापवते. ज्वाला पिवळी दिसायला लागली तर बर्नर काढून तारेने भोकं साफ करा, निळी ज्वाला म्हणजे गॅस पूर्ण जळतोय. फ्रीजमधलं दूध, मटण, भाजी अर्धा तास आधी बाहेर काढा.

आणि सगळ्यात मोठी बचत कुठल्या तंत्रात नाही, आपल्या जुन्या पद्धतीत आहे. सगळ्यांनी एका दस्तरखानावर, एका वेळी जेवायचं. आज अम्मी आठला जेवते, अब्बा दहाला, मुलगा मोबाईल संपला की अकराला. तेच सालन तीनदा गरम होतं. सोबत बसून जेवण्यात बरकत आहे असं आपल्याला शिकवलं गेलं आहे. गॅसच्या हिशोबातही ते खरं निघतं.

यामुळे 30 दिवस पुरणारा सिलेंडर 36 दिवस गेला, तरी महिन्याला 140 रुपये वाचतात.

पाणी: धरणाच्या तालुक्यातला हिशोब

मुळशी हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. इथल्या धरणासाठी गावं बुडाली, 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज तयार करायला जातं. तरीही एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्या-वस्त्यांवर हंडे घेऊन फिरावं लागतं आणि भूगाव-पिरंगुटच्या इमारतींमध्ये टँकर मागवावे लागतात.

हदीसमध्ये येतं की प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करत. मुद म्हणजे आजच्या मापात साधारण पाऊण लिटर, आणि साअ म्हणजे चार मुद, तीन लिटरच्या आसपास. आता आपलं वुजू मोजा. नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला सहा लिटर पाणी सहज जातं. दोन मिनिटांचं वुजू म्हणजे 12 लिटर. पाच माणसांचं घर, पाच वेळा वुजू, म्हणजे दिवसाला 300 लिटर. हेच वुजू दीड लिटरच्या तोटीच्या लोट्याने केलं तर 40 लिटरच्या आत काम होतं. म्हणजे रोज 260 लिटर पाणी वाचतं, आणि ते टाकीत चढवणाऱ्या मोटरची वीजही. लहान मुलांना वुजू लोट्यानेच शिकवा. मशिदीतल्या हौदाच्या नळांनाही हाच हिशोब लागू आहे. तिथलं बिल जमातीच्या पैशातून जातं.

पावसाळ्यात पागोळीखाली ड्रम ठेवा. कपडे, भांडी, फरशी, संडास यांना ते पाणी चालतं.

स्वयंपाकघर: मोजून शिजवा, एकदम भरा

मुळशीच्या खाचरांत पिकणारा इंद्रायणी तांदूळ दिवाळीनंतर झोडपणी झाली की थेट शेतकऱ्याकडे मिळतो. दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर दुकानापेक्षा स्वस्त पडतं. ऊन द्या, गार होऊ द्या, मग कोरड्या डब्यात कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत भरा. हेच गव्हाचं आणि डाळींचं.

रेशनचा हक्क सोडू नका. अंत्योदयच्या घरांना दर कार्डामागे महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. कार्डावर सुनेचं, नव्या बाळाचं नाव चढवलेलं नसेल तर तेवढं धान्य आपणच सोडून देतो. तहसील कार्यालयात कागद देऊन नावं वाढवून घ्या, ई-केवायसी पूर्ण करा.

शिजवताना वाटीने मोजा. अंदाजपंचे शिजवलेला भात सकाळी कोंबड्यांना जातो. उरलाच तर त्याचा फोडणीचा भात करा, शिळ्या चपातीचा मलिदा किंवा कुस्करा करा. ताट पुसून खाणं ही सुन्नत आहे. दावतीत मुलांच्या ताटात आधी थोडं वाढा, हवं तर पुन्हा घ्यायला सांगा.

रमजानचा विचार वेगळा करायला हवा. उपवासाच्या महिन्यात खाण्याचा खर्च कमी व्हायला हवा, पण बऱ्याच घरांत तो इतर महिन्यांपेक्षा वाढतो. रोज भजी, समोसे, सरबताच्या बाटल्या. इफ्तारला खजूर, एक फळ आणि घरचं एक गरम काही ठेवलं तर तेलही वाचतं आणि तरावीहमध्ये पोटही जड होत नाही. तेलाचा महिन्याचा डबा ठरवा, तो संपला की महिना संपेपर्यंत नवीन नाही, हा नियम करा. तेल, शिळं अन्न आणि मोजून शिजवणं यातून महिन्याला 300 रुपये धरायला हरकत नाही.

खरी मोठी गळती घराबाहेर

बचतीचा उपदेश नेहमी घरातल्या बाईला केला जातो. पण वही उघडली की दिसतं, मोठे आकडे बहुतेकदा स्वयंपाकघराबाहेरचे असतात. दिवसाला वीस रुपयांचा मावा-तंबाखू म्हणजे महिन्याला 600 रुपये. वर्षाचे 7,200 रुपये, आणि कर्करोगाची टांगती तलवार वेगळी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. इथे दुकानदारापेक्षा आपल्याच हाताला बंदी घालावी लागेल. दोन मुलांच्या हातात रोज दहा-दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट दिलं तर महिन्याला तेवढेच 600. ते एकदम बंद करू नका, एक दिवसाआड करा आणि बाकी दिवशी घरचे शेंगदाणे-गूळ, चणे द्या. 300 वाचतील.

मोबाईलचंही पाहा. घरात चार फोन आणि चारही फोनवर रोज दीड-दोन जीबीचा रिचार्ज असतो, पण दादीच्या फोनवर फक्त कॉल येतात. तिला फक्त बोलण्याचा स्वस्त रिचार्ज पुरतो. आणि हप्त्याने मोबाईल घेताना कागद वाचा. फुकट हप्ता म्हणून सांगितलं तरी प्रोसेसिंगचे पैसे आणि उशीर झाल्यावरचा दंड वेगळा असतो.

सवलती घेणं हीसुद्धा बचत

एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. ओळखपत्र सोबत ठेवा. कायमची गोळी घ्यावी लागणाऱ्या बीपी-शुगरच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून तेच औषध घ्यावं, बऱ्याचदा ते निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. मोठ्या आजाराला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. कर्ज काढण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

शाळेबाबत एक लक्षात ठेवा. अल्पसंख्याक मुलांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी 2022-23 पासून बंद झाली, ती नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली. म्हणजे लहान वर्गांच्या पालकांचा तो आधार गेला आहे. पण जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं काढून शिवून घ्या, एका मुलाच्या दोन-तीन कच्च्या वह्या तरी निघतात.

वाचलेलं ठेवायचं कुठे?

आता बेरीज करू. लाईट 220, गॅस 140, स्वयंपाकघर 300, मुलांचा खाऊ 300, मावा-तंबाखू 600. एकूण 1,560 रुपये महिन्याला. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत 7,800 रुपये. जूनच्या सुरुवातीला जे पाच-सात हजार सावकाराकडून आणायचे, ते हेच. तुमच्या घरात कुणी तंबाखू खात नसेल तर तो आकडा काढा. तरी 4,800 उरतात.

पण वाचलेला पैसा वेगळा काढला नाही तर तो वाचलाच नाही. तो दुसऱ्या कशात तरी मिसळून जातो. म्हणून महिना संपायची वाट न पाहता पगार किंवा आठवड्याची मजुरी हातात आली की आधी बचत बाजूला करा, मग खर्च. रोजाने कमावणाऱ्याने रोजचे पन्नास वेगळे ठेवावेत.

सात-आठ विश्वासू घरांची भिशी चांगली. दर महिन्याला सारखी रक्कम, चिठ्ठीने नंबर, आणि जितके भरले तितकेच परत. यात व्याज नाही. पण बोली लावून कमी रकमेत उचलण्याची भिशी टाळा, तिथे सूद मागच्या दाराने येतो. हिशोब वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा हा कुरआनचा हुकूम आहे, अविश्वासाची खूण नव्हे. शक्य असेल तर जूनच्या गरजेची घरं मे महिन्याच्या चिठ्ठीत आधी धरा.

मोठी रक्कम घरात ठेवण्यापेक्षा बँक किंवा पोस्टात सुरक्षित राहते. तिथे जमा होणाऱ्या व्याजाचं काय करायचं हे आपल्या मशिदीतल्या आलिमांना विचारा. आणि बचत निसाबच्या वर जाऊन चांद्रवर्ष पूर्ण झालं तर तिच्यावर अडीच टक्के जकात आहे, हे विसरू नका. मोहल्ल्यात एखाद्या घराला अडचण आली तर याच रकमेतून कर्ज-ए-हसना देता येतं. आपण व्याजातून सुटलो तसं एक घर आणखी सुटतं.

आज इशाच्या नमाजनंतर घरातले सगळे एकत्र बसा. मागच्या महिन्याचं लाईट बिल काढा, त्यावरचा युनिटांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि शेजारी सिलेंडर लावल्याची तारीख. पुढच्या महिन्यात हे दोन आकडे कमी-जास्त झालेले दिसतील. आकडे कुणी लिहायचे हे मात्र आजच ठरवा.